बांगडा बंद आणि सुरमई चालू?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका एकतीस वर्षांच्या, राहणार डोंबिवली, सासर मालवणकडचं. पाचवा महिना चालू आहे. घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासे ठरलेले, त्यातले निदान दोन वार सुरमईचे. महिन्याभरापूर्वी नवऱ्याच्या फोनवर एक अमेरिकन यादी आली: गरोदर बायकांनी कुठले मासे खाऊ नयेत. माशांत पारा असतो आणि तो बाळाच्या मेंदूला बाधतो, हे वाचून ते हबकले. यादीत 'मॅकेरल' दिसलं, मॅकेरल म्हणजे बांगडा, म्हणून बांगडा बंद. सुरमईचं नाव कुठे दिसलं नाही, म्हणून सुरमई चालू. सासूबाई म्हणतात, "चार पिढ्या मासे खाऊन वाढल्या, कुणाचं डोकं फिरलं?" बाळंतपणानंतर दूध यावं म्हणून मोरी (मुशी, म्हणजे लहान शार्क) करायची, हेही त्यांनी आत्ताच ठरवून टाकलंय. नवरा आता म्हणतो, बाळ होईपर्यंत मासेच नकोत, कॅप्सूल घे. सुरमई नको, साधं काहीतरी करा, असं म्हणायची सोय नाही, कारण 'पोटुशी सुनेला हलक्या माश्यांवर ठेवली' असं लोक म्हणतील याची सासूबाईंना धास्ती. त्यात येत्या रविवारी दीर मालवणहून पाच किलोची सुरमई बर्फात घालून आणतायत. प्रश्न तीन: आजवर खाल्लं त्याचं काय? मासे सोडू का? आणि रविवारी काय करू? सही केली आहे 'बुध-शुक्र-रवि'.

प्रिय बुध-शुक्र-रवि,

तुमचं पत्र वाचून आधी मी हसले, मग जरा गंभीर झाले. तुमच्या घरात महिनाभर जे चाललंय ते बरोबर उलटं आहे. जो मासा निर्धास्त खायचा तो बंद, आणि जो हात राखून खायचा तो आठवड्यात दोनदा ताटात. यात नवरोबांचा फारसा दोष नाही. ती यादी आपल्या बाजारासाठी लिहिलेलीच नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या त्या तक्त्यात तीन रकाने आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा खा, एकदाच खा, आणि टाळा. गंमत अशी की मॅकेरल हा शब्द तिन्ही रकान्यांत आहे! अटलांटिक मॅकेरल पहिल्यात, स्पॅनिश मॅकेरल दुसऱ्यात, किंग मॅकेरल तिसऱ्यात. आपला बांगडा यातला एकही नव्हे, पण अंगापिंडाने आणि खाण्यापिण्याने तो पहिल्या रकान्यातल्याचा भाऊबंद. वीतभर लांब, समुद्रातलं बारीक तरंगतं अन्न गाळून खाणारा, थोडक्या वर्षांत आयुष्य आटोपणारा. सुरमई मात्र त्या किंग मॅकेरलची सख्खी चुलतबहीण. दोघींची जात वेगळी, पण प्रजाती (इंग्रजीत जीनस) एकच. शास्त्राच्या पुस्तकात सुरमईचं इंग्रजी नाव स्पॅनिश मॅकेरलच्या घरातलं आहे, आणि मुंबईतल्या हॉटेलांच्या मेन्यूवर तिला किंगफिश म्हणतात. 'सुरमई' हा शब्द त्या यादीत सापडणार कसा?

आता हा पारा कुठला, ते एकदा नीट बघू, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील. पारा म्हटलं की थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळणारे चंदेरी मणी डोळ्यांपुढे येतात. माशातला पारा तो नव्हे. तो मणी चुकून पोटात गेलाच तर जवळजवळ सगळा तसाच बाहेर पडतो. पण दगडी कोळसा जाळला की, छोट्या खाणींत पारा वापरून सोनं वेगळं केलं की, पारा हवेत जातो आणि पावसाबरोबर समुद्रात उतरतो. तिथे प्राणवायू कमी असलेल्या जागी काही जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. हा पोटात गेला की बहुतेक सगळा रक्तात शोषला जातो. शिवाय तो नाळ ओलांडतो, आणि नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त भरतं. तुमच्या नवऱ्याची काळजी अगदीच हवेतली नाही, ती एवढ्यासाठी.

समुद्राच्या पाण्यात हा पारा नगण्य असतो. तो वाढतो खाणाऱ्यांच्या उतरंडीत. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये पाण्याच्या हजारो पटींनी साठतो, त्या खाणाऱ्या जवळ्यात थोडा आणखी, जवळा खाणाऱ्या मांदेलीत आणखी, मांदेली आणि तारली गिळणाऱ्या सुरमईत त्याहून जास्त, आणि सगळ्यांना खाणाऱ्या मुशीत सर्वांत जास्त. आपल्याकडे याला मत्स्यन्याय म्हणतात, फक्त इथे मोठा मासा लहान माशाबरोबर त्याची थकबाकीही गिळतो.

यात वयाचा हिशेब वेगळा धरायचा. वाण्याकडची उधारीची वही आठवा. रोज चार आणे मांडले जातात आणि महिन्याला एखादा आणा फेडला जातो, तर गिऱ्हाईक जितकं जुनं तितकी बाकी मोठी. माशाच्या अंगातून मिथाइल पारा फार सावकाश बाहेर पडतो, दर जेवणाला मात्र नवा येत राहतो. म्हणून एकाच जातीच्या, एकाच समुद्रातल्या दोन माशांत थोराड मासा जास्त पारा बाळगून असतो. 'माशात पारा किती?' असं विचारून उत्तर मिळत नाही. कुठल्या जातीचा, केवढा, किती वर्षांचा, हे विचारावं लागतं.

आकडे बघा. अमेरिकन तपासणीत किंग मॅकेरलची सरासरी किलोमागे ०.७३ मिलिग्रॅम आहे, आणि तारलीच्या जातीच्या सार्डिनची ०.०१३. म्हणजे पन्नास पटींहून जास्त फरक. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मर्यादा घातली ती शरीराच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). साठ किलोच्या बाईला ती होते ९६. किंग मॅकेरलच्या दीडशे ग्रॅमच्या एका तुकडीत ही मर्यादा ओलांडली जाते. सार्डिनने ओलांडायची तर आठवड्यात सात किलोंहून जास्त खावे लागतील. माझ्या ओळखीत असं कोणी नाही, आणि मी देवगडची आहे.

पण थांबा, हा किंग मॅकेरलचा आकडा जसाच्या तसा तुमच्या सुरमईला लावू नका. त्याच तपासणीत स्पॅनिश मॅकेरल मेक्सिकोच्या आखातातला असला तर ०.४५, आणि अटलांटिकच्या दक्षिण भागातला असला तर ०.१८. कूळ तेच, पाणी बदललं की आकडा निम्म्याहून खाली. शिवाय सुरमई फार झपाट्याने वाढते. जो मासा भराभर मांस धरतो त्याच्यात तोच पारा जास्त मांसात पसरतो. म्हणून किलो-दीड किलोची सुरमई वयाने कोवळीच असते, तिला मी घाबरत नाही. तीच पुढे दोन मीटरपर्यंत वाढू शकते, तेव्हा गोष्ट निराळी.

बाजारात हे ओळखायचं कसं? मासेवालीला वय विचारून उपयोग नाही, ती म्हणेल "ताजी आहे गो". तुकडी बघा. मावशी कोयत्याने आडव्या तुकड्या पाडते तेव्हा मधल्या काट्याभोवतीचा गोल केवढा आहे ते बघा. मुठीएवढा असेल तर मासा लहान. बशीएवढा असेल, एकच तुकडी तव्यावर अर्धी जागा अडवत असेल, तर ती थोराड सुरमई. हा अंदाजच आहे, पण कामाचा आहे. आणि नेमकी हीच बशीएवढी तुकडी आपण कौतुकाने विकत घेतो, पाहुण्याला वाढतो, आणि पोटुशी सुनेच्या ताटात ठेवतो.

इथे मला सासूबाईंशी बोलायचंय. चार पिढ्या मासे खाऊन वाढल्या हे शंभर टक्के खरं, आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर बायका आठवड्याला सरासरी बारा वेळा मासे खात. १९८९-९० मध्ये तिथे सातशेहून अधिक आया आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घ्यायला सुरुवात झाली, मुलं मोठी होईपर्यंत तपासली, आणि माशातल्या पाऱ्यामुळे नुकसान झाल्याचं ठोस काही हाती लागलं नाही. उलट उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर, जिथे लोक पायलट व्हेलचं मांस खातात, तिथल्या सुमारे हजार मुलांमध्ये सातव्या वर्षी स्मरणशक्ती, भाषा आणि लक्ष यांत बारीक पण मोजता येण्याजोगी घट दिसली. व्हेल म्हणजे उतरंडीच्या अगदी टोकाचा, दीर्घायुषी प्राणी. दोन्ही ठिकाणी समुद्र, दोन्ही ठिकाणी पारा. ताटातला प्राणी वेगळा.

(जपानमधल्या मिनामाताचं नाव नवरोबांनी वाचलं असेलच. १९५६ मध्ये उजेडात आलेली ती भीषण विषबाधा होती. कारखान्याचं पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं जात होतं. आयांना फारसं काही झालं नाही आणि बाळं मात्र अपंग जन्मली, हे जगाला तिथेच कळलं. पण मालवणच्या खुल्या समुद्रातल्या बांगड्याला मिनामाताच्या पंक्तीला बसवणं अन्यायाचं आहे.)

आणि सासूबाई, त्या चार पिढ्यांच्या ताटात काय होतं, ते जरा आठवा. माझ्या आजीकडे सुरमई लागली की ती सरळ विकायला जायची, तिचे पैसे यायचे. घरात रोज काय, तर पेडवे, तारली, बांगडे, पावसाळ्यात सुकट नाहीतर सुका जवळा. थोराड सुरमई आठवड्यातून दोनदा हा आपल्या पिढीचा, नोकरी-पगाराचा आणि घरपोच मासे मागवण्याचा रिवाज आहे. शिवाय समुद्रही तोच राहिलेला नाही. कारखानदारी सुरू झाल्यापासून त्याच्या वरच्या थरातला पारा साधारण तिपटीवर गेलाय. तेव्हा पूर्वजांचा दाखला द्यायचा तर तो बांगड्याच्या बाजूने पडतो. पोटुशी सुनेला बांगड्यावर ठेवली, असं कोणी म्हणालं तर खुशाल म्हणू द्या.

मोरीचं मात्र मी स्पष्ट सांगते: नको. मुशी खाल्ली की अंगावर दूध येतं हा समज फक्त आपला नाही, एका जातीच्या मुशीला इंग्रजीत 'मिल्क शार्क' नावच मिळालंय. पण मुशीचं घराणं सावकाश वाढणारं आणि बरंच जगणारं, नुसतं मासे खाऊन, म्हणजे उधारीच्या वहीतलं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. जगभरच्या याद्यांमध्ये इतर बाबतीत मतभेद असतील, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने मुशी टाळावी किंवा फारच थोडी खावी याबाबत फारसे नाहीत. दुधासाठी अळीव आहेत, डिंक आहे, आणि बाळाला वारंवार पाजणं आहे. सासूबाईंना काहीतरी खास करून घालायची हौस आहे, ती मोडू नका, तिला दुसरी वाट द्या.

आता नवरोबांचा उपाय. मासेच बंद. ऐकायला सुरक्षित वाटतो, पण त्याचीही किंमत आहे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या अकरा हजारांहून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये भाषिक बुद्धिमत्ता कमी असण्याचं प्रमाण जास्त निघालं. पाऱ्याला भिऊन मासे सोडणाऱ्यांचं नुकसानच होण्याची शक्यता जास्त, असा त्याचा रोख होता. मेंदू घडायला लागणारं डीएचए नावाचं मेदाम्ल, आयोडीन, बी-१२, हे सगळं आपल्या स्वस्त बांगड्यात आणि तारलीत भरभरून आहे. कॅप्सूल वाईट नाही. मिथाइल पारा प्रथिनात बसतो, तेलात नाही, त्यामुळे चांगल्या माशाच्या तेलात तो जवळपास नसतो. पण त्यात माशाचं बाकीचं काही येत नाही. आणि कॉड लिव्हर ऑइल या दिवसांत घेऊच नका, त्यातलं अ जीवनसत्त्व बाळाला बाधू शकतं.

पारा प्रथिनाला चिकटलेला असतो म्हणूनच आणखी एक भाबडी समजूत सोडा. कातडी काढून, मिठाच्या पाण्यात ठेवून, कोकम लावून, खरपूस तळून तो जात नाही. एका वाचकाने मागे लिंबाचा उपाय कळवला होता. लिंबाने माशाचा वास जातो, एवढंच.

आजवर खाल्लं त्याचं काय, हा तुमचा पहिला प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याचं उत्तर दिलाशाचं आहे. माणसाच्या रक्तातला मिथाइल पारा साधारण पन्नास दिवसांत निम्मा होतो. आजवर साठलेला नवव्या महिन्यापर्यंत चौथाईवर येईल, सुरमई कमी करून नवी भर तेवढी थोडी ठेवा, आणि बाळाच्या मेंदूची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत जोरात असते. आठवड्यात दोनदा मध्यम सुरमई खाणाऱ्या बाईला रक्त तपासायची सहसा गरज पडत नाही. कायम मोठ्याच तुकड्या, त्यावर मुशी, मोठा कुपा (ट्यूना) असं वर्षानुवर्षं चाललं असेल तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला, त्या हवं तर रक्ताची चाचणी लिहून देतील. पारा 'काढणारी' औषधं आणि चूर्णं मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. पाऱ्याचं भस्म किंवा रसायन कोणी शक्तीसाठी देऊ करत असेल तर तेही नको. आणि घरात पारा शोधायचाच असेल तर आधी ड्रेसिंग टेबलाचा खण उघडा. गोरं करणाऱ्या बिननावाच्या क्रीममध्ये तो माशापेक्षा कितीतरी जास्त सापडतो.

मग खायचं काय? तारली, पेडवे, बांगडा, मांदेली, बोंबील, मुडदुशी, कोळंबी, तिसऱ्या. आठवड्यातून दोन-तीन वेळा, नीट शिजवून. पापलेट जमेल तेव्हा खा, त्याला पाऱ्याची नाही, खिशाची अडचण आहे. तळ्यात वाढवलेला रोहू-कटलाही चालेल. सुरमई आठवड्यातून एकदाच, लहान माशाची, तळहाताएवढी एक तुकडी, आणि त्या आठवड्यात दुसरा मोठा शिकारी मासा नको. ठाणे-उल्हासच्या खाडीतले मासे मात्र मी या दिवसांत घेतले नसते. पारा वापरून कॉस्टिक सोडा करणारे कारखाने एकेकाळी तिथे होते आणि गाळाची आठवण लांब असते. सुक्या मासळीत पाऱ्यापेक्षा मिठाची काळजी जास्त, रक्तदाब असेल तर जपून.

एक गैरसमज मात्र माझ्या सल्ल्यातून होऊ देऊ नका. लहान मासा म्हणजे लहान जातीचा मासा, मोठ्या माशाचं पिल्लू नव्हे. सुरमईची बोटभर पिल्लं आणि पापलेटची नाण्याएवढी पोरं टोपलीत दिसली तर घेऊ नका. पाऱ्याच्या दृष्टीने ती चालतील, पण ती खाल्ली तर तुमच्या बाळाच्या ताटात पुढे सुरमईच उरणार नाही.

ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी: मुलांना सुरमईच देण्यामागे खरं कारण काट्यांचं असतं, मधला एक काटा काढला की झालं. बांगड्याचंही जमतं. शिजल्यावर पाठीवरून बोट फिरवलं की दोन फाका सुटतात, कणा अख्खा उचलायचा, पोटाकडचे बारीक काटे चिमटीने काढायचे. दोन वर्षांच्या मुलाला तीसेक ग्रॅम पुरतो. दुबईतल्या वाचकांनी लक्षात ठेवावं की तिथल्या बाजारातला 'कनाद' म्हणजे आपली सुरमईच, आणि अमेरिकेतल्यांनी हे की डब्यातल्या ट्यूनात 'लाइट' लिहिलेल्यापेक्षा 'अल्बाकोर'मध्ये सरासरी जवळजवळ तिप्पट पारा असतो.

राहिला रविवार. दीर हौसेने आणतायत, नाही म्हणू नका. पाच किलोची म्हणजे मासा चांगला वाढलेला आहे. शेपटीकडची एक लहान तुकडी तुम्ही घ्या आणि चवीने खा. पुढचे दोन आठवडे मग मोठा मासा नको. मधल्या बशीएवढ्या तुकड्या दिरांना आणि नवरोबांना वाढा, त्यांच्या पोटात बाळ नाही. आणि आजच दिरांना फोन करून सांगा की त्याच बर्फात डझनभर बांगडेही टाका. सोमवारी सासूबाईंनाच त्याचं तिखलं करायला सांगा, तिरफळं त्यांच्या डब्यात असतीलच.